साठ-चाळीसच्या भानगडीत गेलेली आखाजी

दोन माणसं, समुद्रापलीकडची. एकमेकांच्या तोंडावर ठोसे मारायचे की नाही, आणि मारायचे तर त्याचा पैसा कसा वाटून घ्यायचा, एवढाच त्यांचा प्रश्न. त्यांना माझं शाहपूर माहीत नाही, लेकीच्या सासरचं फोपनार माहीत नाही. तरी त्यांच्यापायी या वर्षी माझी लेक आखाजीला माझ्याबरोबर माहेरी आली नाही. लोक ही गोष्ट हसून सांगतात, आणि वर चुकीची सांगतात. म्हणून मी स्वतः लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढं शेतानं ओढून नेलं. पण जे डोळ्यानं बघितलं ते सरळ लिहिता येतं मला. कोणाकडून तपासून घेणार नाही.

आधी आखाजीचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं. अक्षय तृतीयेला आमच्या तापीकाठी आखाजी म्हणतात. त्या सणाला सासरच्या लेकी माहेरी येतात, पण आपल्या आपण येत नाहीत. बापानं नाहीतर भावानं जाऊन आणायचं. जो आणायला जातो तो मुराळी. तो ओट्यावर चढतो, पाणी पितो, विहीण लेकीची पिशवी बाहेर आणून ठेवते, मग लेक निघते. मुराळी आला नाही तर लेक दाराकडे बघत राहते आणि आळीतल्या बाया तिच्याकडे बघत राहतात. माझा मुलगा सुरतेला, त्याला सुट्टी मिळत नाही, म्हणून चोवीस वर्षं मीच मुराळी. लेकीला आता सून यायची वेळ आली, तरी मी एक आखाजी चुकवली नाही. एका वर्षी पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा काठी घेऊन गेलो.

आता व्याही. आमच्या बोलीत याही. तो फोपनारचा केळीवाला. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मुलाचा बाप म्हणून दोन हात मोठा. लग्नानंतरची पहिली दहा-बारा वर्षं आमच्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पाऊस, केळीचा भाव, तब्येत, संपलं. मग त्यानं मोठा फोन घेतला. केळीच्या लिलावाला दोघंही बऱ्हाणपूरला येतो. माल पुतणे बघतात, आम्ही मंडीच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसतो. एका बुधवारी त्यानं फोन चहाच्या ग्लासाला टेकवून उभा केला आणि मला बॉक्सिंग दाखवलं.

मी तरुणपणी लंगोट बांधलेला माणूस. जसोंडीपासून खाली जळगाव जिल्ह्यापर्यंत कुस्तीच्या दंगली खेळलो. म्हणून पहिल्यांदा मी हसलो. म्हटलं, हातात उशा बांधून कसली मर्दुमकी. पण तिसऱ्या फेरीला एकानं दुसऱ्याच्या बरगडीत असा हात घातला की तो माणूस पडला नाही, नुसता बसला, जसा घरी दमून आलेला माणूस बसतो. मी म्हटलं, याही, हे परत लावा. तेव्हापासून दर बुधवारी फोन त्याचा आणि चहा माझा. असं कोणी ठरवलं नव्हतं. मुलीचा बाप आहे, खिशाकडे हात माझाच आधी जातो.

सगळ्यात वजनदार गटाचे दोन चॅम्पियन. जगातले पट्टे चार, दोन याच्याकडे, दोन त्याच्याकडे. त्यांची नावं आमच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून एकाला आम्ही सोनदात्या म्हणायचो. त्याचा एक दात सोन्याचा, आणि तो दिसावा म्हणून की काय, तो तोंड मिटत नसे. दुसरा घुम्या. झुंज जिंकला तरी हात वर करायचा, मान खाली घालायची आणि निघून जायचं. व्याही सोनदात्याचा. मी घुम्याचा. टपरीवर हमाल होते, मंडीतला तोलवाला होता, स्वतः चहावाला होता, सगळे कोणत्या तरी एका बाजूचे. दोन वर्षं एकच बोलणं. हे दोघं लढणार कधी?

ते लढत नव्हते कारण थैलीचं, म्हणजे झुंजीच्या पैशाचं, ठरत नव्हतं. आमच्याकडच्या दंगलीत इनाम जिंकणाऱ्याचं. कुस्ती बरोबरीत सुटली तर पंच इनाम अर्धं अर्धं करून दोघांच्या हातात देतात आणि दोघांना एकमेकांच्या गळ्यात हात घालायला लावतात. तिकडं तसं नाही. तिकडं लढायच्या आधीच वाटणी होते, जिंको कोणी, हरो कोणी. सोनदात्या म्हणे सत्तर मला, तीस तुला. मग खाली आला, साठ-चाळीस. घुम्या पहिल्या दिवसापासून एकच बोलत होता, अर्धा.

"याही, तिकीट कोणाच्या नावावर खपतं ते बघा ना," व्याही म्हणायचा. "सोनदात्या नुसता खोकला तरी गर्दी जमते. तुमचा घुम्या त्याच्या गल्लीतून गेला तर कुत्रंही मान वर करत नाही."

"मला कुत्र्याचं मत नको," मी म्हणायचो. "घुम्यानं समोर आलेला प्रत्येक माणूस पाडला. तुमच्या सोनदात्यानं मागच्या तीन झुंजी कोणाशी केल्या? एक म्हातारा, एक लंगडा, आणि एक तो, घंटा वाजायच्या आधीच घाम पुसत होता."

"पट्टे आहेत ना त्याच्याकडे दोन?"

"घुम्याकडेही दोन. दोन आणि दोन. मग साठ-चाळीस कुठून आलं?"

तोलवाला म्हणायचा, "बाबा, दोघांना माझ्या काट्यावर आणा. मी सांगतो कोणाला किती."

"तुझ्या काट्यावर तर आमची केळी पण हलकी भरतात," व्याही म्हणायचा, आणि या एका गोष्टीवर आमचं दोघांचं जमायचं.

चहावाला हिंदीवाला माणूस, त्याचं मराठी आमचं ऐकून ऐकून बनलेलं. तो ग्लास धूत धूत म्हणायचा, "लडनेवाले बोलत नाहीत बाबा, आणि हे तर बोलतच राहिले. कहां से लडेंगे."

मला त्याचा राग यायचा. कारण मला ती झुंज बघायची होती. माझं वय चौऱ्याहत्तर. घुम्याही पस्तिशी ओलांडलेला. पहिलवानाचं शरीर काय असतं मला माहीत आहे. एक हंगाम गेला की खांदा तोच राहत नाही. हे दोघं कागदावर कागद करत बसलेले, आणि तिकडं दोघांच्याही कमरेवर चरबी चढत होती. मागच्या झुंजीत घुम्या सहाव्या फेरीला तोंडानं श्वास घेत होता. व्याह्याला दिसलं नाही. मला दिसलं, आणि मी बोललो नाही.

महाशिवरात्रीच्या पुढच्या बुधवारी ते झालं. फोनवर नवीन बातमी होती. घुम्यानं परत साठ-चाळीस नाकारलं होतं. व्याही खुशीत होता, त्या दिवशी त्याच्या केळीला चांगला भाव लागला होता. मी म्हटलं, बरोबर केलं त्यानं, अर्ध्याच्या खाली यायचंच नाही. बाकावर पाच-सहा जण होते.

व्याही हसून म्हणाला, "याही, तुम्हाला हे कळणार नाही. मुलीवाल्यानं अर्धा मागायचा नसतो."

सगळे हसले. तोलवाला तर मांडीवर थाप मारून हसला. व्याह्याच्या मनात वाईट नसेल, असं मला आज लिहिता येतं. त्या दिवशी माझ्या हातात गरम ग्लास होता आणि तो मी खाली ठेवला नाही, तसाच धरून राहिलो. चोवीस वर्षांतलं सगळं एकदम वर आलं. लग्नात त्याच्या पाहुण्यांनी जेवणाला मीठ कमी म्हटलं ते. बारशाला मला मागच्या रांगेत बसवलं ते. दरवेळी माझ्याच खिशातून निघणारे चहाचे पैसे, ते पण.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "ऐका याही. त्या दोघांची झुंज अर्ध्या-अर्ध्यावर ठरेल, त्या दिवशीच मी तुमच्या ओट्यावर पाय ठेवीन. तोवर नाही."

"बघा बरं," तो म्हणाला. त्याचं हसू अजून तोंडावरच होतं. "सोनदात्या अर्ध्यावर येणाऱ्यातला नाही."

"मग मीही येणाऱ्यातला नाही."

चहाचे पैसे मी दिले. त्या दिवशी पण मीच दिले.

घरी आलो तेव्हा माझी म्हातारी ओसरीवर गहू निवडत होती. तिला सांगितलं. तिनं सुपातला हात थांबवला नाही.

"मग आखाजीला पोरगी कोण आणणार?"

खरं सांगतो, तोपर्यंत मला आखाजी आठवलीच नव्हती. पण आठवली नव्हती असं म्हणणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "तोवर ठरेल त्यांचं."

"आणि नाही ठरलं तर?"

"ठरेल."

"त्या दोघांना लेकी आहेत का, विचारून घ्या," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

लेकीचा फोन तिसऱ्या दिवशी आला. फोपनारपर्यंत गोष्ट पोचायला तेवढाच वेळ लागला.

"आबा, ते कोण काय वाटून घेतात ते घेवोत. तुम्ही येताय ना?"

"मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तुझ्या सासऱ्याला. पाच माणसांत."

"आणि मला दिलेला?"

"तुला मी कधी शब्द दिला?"

"चोवीस वर्षं देताय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आबा, मुराळी नाही आला तर इथं मला कोणी काही बोलणार नाही. नुसत्या बघतील. ते मला नाही सहन होत."

मी म्हटलं, अजून दोन महिने आहेत. तिनं फोन ठेवला. मला वाटलं कट झाला.

पुढच्या बुधवारी मी मंडीत गेलो आणि टपरीच्या दुसऱ्या बाकावर बसलो. व्याही पहिल्या बाकावर. मधे चहावाला. त्या दिवसापासून आमचं बोलणं त्याच्यामार्फत सुरू झालं. तो ग्लास देताना निरोप द्यायचा आणि ग्लास उचलताना उत्तर न्यायचा.

व्याह्याचा पहिला निरोप असा, की ओट्यावर येऊ नका, अंगणात उभे राहा, सून बाहेर येईल. मी म्हटलं, मी मुराळी आहे, भाजी विकायला आलेला नाही. मी निरोप पाठवला, की तुम्ही तिला इथं टपरीपर्यंत आणा, मी इथून नेतो, दोघांना सारखं अंतर. त्याचं उत्तर आलं, की आमच्या घरातून लेकसुना पोचवायला जात नाही, न्यायला येतात. मग तो म्हणाला, गावातल्या मारुतीच्या देवळापर्यंत मी आणतो. मी म्हटलं, गावाच्या वेशीपर्यंत. तो म्हणाला, वेस म्हणजे तर अर्ध्याहून जास्त रस्ता मीच चाललो. मी म्हटलं, त्याच्या घरापासून वेस दोन बिड्यांच्या अंतरावर आहे, त्याला सांग.

चहावाला थकला. एका बुधवारी दोन्ही हातांत ग्लास घेऊन मधेच उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा लोक, ते दोघं तरी कमाई करतात. तुमचं काय? साठ-चाळीसवर मानून घ्या ना. तुम्ही साठ पावलं चला, ते चाळीस चालतील."

"का, मी का साठ?" मी म्हटलं.

"बरं, मग ते साठ."

"मी का साठ?" पलीकडून व्याही म्हणाला. दीड महिन्यात त्यानं माझ्या दिशेनं बोललेलं ते पहिलं वाक्य. तेही मला नव्हतं.

मग चैत्र अर्धा उलटल्यावर बातमी आली. चहावाल्याच्या फोनवर एक हिंदीतून बोलणारा माणूस ओरडून ओरडून सांगत होता, झुंज ठरली, तारीख नंतर कळेल, थैली आधी-आधी, म्हणजे अर्धी-अर्धी. मी तीन वेळा ऐकलं. फिफ्टी-फिफ्टी. घुम्यानं शेवटी घेतलंच. मी सगळ्यांना चहा सांगितला, पहिल्या बाकालाही. व्याही त्या दिवशी आलेला नव्हता.

आता इथं माझी चूक झाली, ती लिहितो. त्याच दिवशी मी फोपनारला जायला हवं होतं. शब्द पुरा झाला होता. पण मला वाटलं, आता त्यानं फोन करावा. त्यानं म्हणावं, याही, तुमचं खरं निघालं, या. एवढंच ऐकायचं होतं मला. त्याऐवजी दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, चहावाल्यानंच फोन करून दिला. की ही वाटणी अर्धी नाही. जाहिरातीत सोनदात्याचं नाव आधी लागणार, रिंगणात शेवटी तोच येणार, आणि परत झुंज झाली तर साठ जिंकणाऱ्याचे. आणि जिंकणार कोण, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून नावाला अर्धा, बाकी साठ-चाळीसच. याहींना सांग, ओटा अजून उंच आहे.

ओटा अजून उंच आहे. हे शब्द चहावाल्यानं मला जसेच्या तसे सांगितले, कारण त्याला त्यातला अर्थ कळला नव्हता. मला कळला.

मी वाट बघत राहिलो. त्याला वाटत असेल, मी येईन. मला वाटलं, तो बोलावेल. असे आठ-दहा दिवस गेले. केळीच्या बागेत उन्हानं पानं करपायला लागली होती. मी पाण्याच्या पाळीवर बसून मनातल्या मनात त्याला मुद्दे सांगायचो. नाव आधी लागलं म्हणून काय होतं. रिंगणात शेवटी आला म्हणून ठोसा कमी लागतो का. एकेक मुद्दा असा पक्का, की समोर असता तर त्याला मान खाली घालावी लागली असती. पण तो फोपनारला आणि मी बांधावर.

आखाजीला दोन दिवस राहिले आणि झुंज मोडली. सोनदात्याचा हात सरावात दुखावला म्हणे. घुम्या आता तिसऱ्याच कोणाशी लढणार. त्या तिसऱ्याचं नाव टपरीवर कोणी ऐकलेलं नव्हतं. तोलवाला म्हणाला, दोन वर्षं आमची वाया गेली. मला इतका राग आला होता की कोणावर काढावा ते कळेना. हात दुखावला म्हणे. मी अंगठा निखळलेल्या हातानं कुस्ती धरलेली आहे, आणि त्या वेळी इनाम फक्त एक फेटा आणि नारळ होता.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी धोतर बदललं, बऱ्हाणपूरहून माव्याची जिलबी घेतली आणि सवारी रिक्षानं फोपनारला गेलो. माझा हिशेब सरळ होता. मी म्हटलं होतं, झुंज अर्ध्यावर ठरेल तेव्हा येईन. ठरली होती. झाली नाही ही वेगळी गोष्ट. ठरणं वेगळं, होणं वेगळं. माझा शब्द कुठंच मोडत नव्हता. रिक्षात मी हे दोन-तीन वेळा म्हणून बघितलं, बरोबर बसत होतं.

व्याही ओट्यावर खाटेवर बसला होता. मला बघून उठला. मी पायरीवर पाय ठेवला. लेक दारात आली, तिच्या हातात पिशवी होती, म्हणजे तिनं ती आधीच भरून ठेवली होती. मागं विहीण उभी. लेकीनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला, मी खोटं सांगत नाही. तेवढं बघून मी गप्प बसायला हवं होतं.

व्याही म्हणाला, "या. म्हणजे हरलात."

"कोण हरलं?"

"झुंज झाली नाही, आणि तुम्ही आलात. मग कोण हरलं?"

"ठरली होती. अर्ध्यावर."

"कागदावर. त्यात साठचं कलम होतं."

"ते परत झुंजीचं कलम होतं. पहिली अर्ध्यावरच होती."

"आणि नाव? नाव आधी कोणाचं?"

मी ओट्यावर बसलो. विहिणीनं पाण्याचा तांब्या ठेवला. मी म्हटलं, नाव आधी लागल्यानं ठोसा कमी लागतो का. हा मुद्दा बांधावर तयार करून ठेवला होता, तो वापरायला मिळाला. तो म्हणाला, लग्नपत्रिकेत मुलाचं नाव आधी असतं, त्याला काही अर्थ असतो की नाही. मी म्हटलं, पत्रिकेचे पैसे कोणी दिले होते, तेही काढू का. तो म्हणाला, काढा. मी काढलं. मग त्यानं घोड्याचं काढलं. मी मांडवाचं काढलं. मग परत आम्ही घुम्यावर आलो. तो म्हणाला, घुम्या सहाव्या फेरीला तोंडानं श्वास घेत होता, मी बघितलं होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. मला त्याचा फार राग आला. इतके दिवस हे मला एकट्यालाच दिसलं होतं अशा समजुतीत मी होतो. मी म्हटलं, सोनदात्याचा हात दुखावला नाही, हिंमत दुखावली. तो म्हणाला, त्याच्या जागी घुम्या असता तर तुम्ही असं म्हटलं असतं का.

लेक म्हणाली, "आबा, ऊन चढतंय."

मी म्हटलं, "निघूच आता." आणि व्याह्याला म्हटलं, "एवढं एक मान्य करा, की ठरली होती."

"सही झाली नव्हती."

"सही तर चहावाल्याच्या फोनवर दाखवली होती."

"ते फोटो काढायला बसवलेले असतात."

किती वेळ गेला ते मी घड्याळ बघून सांगू शकत नाही. ओट्यावरची सावली माझ्या गुडघ्यापर्यंत होती, ती भिंतीपर्यंत मागं गेली एवढं आठवतं. मधे कधीतरी कोणीतरी मला जेवणाचं विचारलं आणि मी हात हलवला. मग विहीण बाहेर आली आणि रिकामा तांब्या उचलता उचलता म्हणाली, "सून गेली."

"कुठं गेली?" व्याही म्हणाला.

"माहेरी. मघाशी रिक्षा आली होती, तिच्यात बसली. म्हणाली, त्यांचं ठरलं की सांगा."

आम्ही दोघं रस्त्याकडे बघायला लागलो. रस्त्यावर काही नव्हतं. चोवीस वर्षांत मुराळी ओट्यावर बसलेला असताना लेक एकटी निघून गेली, असं आमच्या दोन्ही गावांत कोणी ऐकलं नसेल. व्याही खाली बसला. म्हणाला, "जिलबी तरी घ्या परत." मी म्हटलं, ती तुमच्यासाठी आणली होती. तो म्हणाला, मग अर्धी घेऊन जा. तो हे थट्टेनं बोलला नाही. मी चपला घातल्या.

मी घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. लेक आईजवळ बसून नवीन घागरीला दोरा गुंडाळत होती, सणाच्या पूजेसाठी. दोघी काहीतरी बोलत होत्या, मी आलो आणि थांबल्या. ती उठली, आत गेली आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास धरला, खाली ताटली ठेवून, पाहुण्याला देतात तसा.

"जेवलात का तिकडं?"

"नाही."

"मग बसा, वाढते."

मी म्हटलं, "अशी निघून आलीस. लोक काय म्हणतील?"

"काही नाही म्हटलं कोणी. रिक्षातली बाई म्हणाली, एकटीच? मी म्हटलं, हो."

जेवताना मी तिला सगळं समजावलं. ठरणं वेगळं आणि होणं वेगळं, मी शब्द कसा मोडला नाही, आणि तुझ्या सासऱ्यानं शेवटपर्यंत कसं मान्य केलं नाही. तिनं ऐकलं. मधे एकदा पोळी वाढली. मग म्हणाली, "आबा, पुढच्या वर्षीपासून तुम्ही दगदग करू नका. सोपं आहे. रिक्षा दारात येते. मी माझी येत जाईन."

म्हातारी चुलीकडे तोंड करून बसली होती, ती वळली नाही.

मी म्हटलं, "मुराळी मीच येणार. पाय चालतात माझे अजून."

"बघू," ती म्हणाली आणि ताट उचललं.

सणाचे चार दिवस ती राहिली. शेजारच्या निंबाला झोका बांधला होता, त्याच्यावर बसली, आईच्या डोक्याला तेल लावलं, माझ्याशी नीट बोलली. जाताना मी म्हटलं, पोचवायला येतो. ती म्हणाली, नको, ऊन आहे. मी तिच्या मागोमाग फाट्यापर्यंत चालत गेलो, ती पुढं, मी मागं, आणि रिक्षा आल्यावर तिनं पिशवी स्वतःच आत ठेवली.